तिसऱ्या दिवसाचा रंग : आमची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांतल्या खेड्यांत आम्ही दोघी मेहंदीची कामं घेतो. दुकान नाही, गाळा नाही; सामानाची पेटी, एक फ्रीज आणि तारखांची वही एवढाच पसारा. काढली त्या दिवशी कोणाचीही मेहंदी सुंदरच दिसते. पुढचं काम मिळतं ते लग्नाच्या दिवशी, मांडवात सोयऱ्याधायऱ्यांनी नवरीचा हात धरून पाहिला की. तेव्हा बायका नक्षीआधी रंग पाहतात. म्हणून सुरुवातीचे तयार कोन आम्ही बंद केले आणि मेहंदी घरी भिजवायला लागलो. या धंद्यात आम्ही घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय तोच.

पावडर राजस्थानातल्या सोजतची. तिथल्या मेहंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणताना आधी नमुना घेतो, पाण्यात कालवून पाहतो. पाणी लगेच गडद, झगझगीत हिरवं झालं तर पावडरीत रंग मिसळलेला असतो. बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर रेती. चांगली पावडर मळकट हिरवी, मऊ आणि सुकलेल्या गवताच्या वासाची असते.

आमचं माप असं: १०० ग्रॅम पावडर, २५ ग्रॅम साखर, ३० मिली तेल आणि साधारण २८० मिली पाणी. पाण्यात एका लिंबाचा गाळलेला रस. आधी २०० मिलीच पाणी घालून घट्ट गोळा करायचा, झाकून ठेवायचा, उरलेलं पाणी नंतर थोडंथोडं. सगळं एकदम ओतलं की गुठळ्या राहतात आणि त्या पुढे कोनात अडकतात. तेल नीलगिरीचं किंवा टी ट्रीचं, औषधी दर्जाचं. खोबरेल इथे चालत नाही, ते रंगाच्या आड येतं. डोहाळजेवणाला गर्भारणीसाठी वेगळा घाणा करतो, त्यात फक्त लव्हेंडर, तेही निम्मं. चहा-कॉफीचं उकळलेलं पाणी घालायची पद्धत आहे. त्याने मेहंदी वाटीत काळसर दिसते, कातडीवर फरक पडत नाही. कातडी रंगते ती पानातल्या लॉसोन या रंगद्रव्याने, आणि त्याला बाहेर पडायला हलका आंबटपणा आणि ऊब लागते.

ऊब हाच आपल्याकडचा खरा प्रश्न. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की भिजवलेली मेहंदी चार-पाच तासांत तयार होते आणि तशीच बाहेर राहिली तर दुसऱ्या दिवशी मरते. डिसेंबरच्या थंडीत तिलाच १८ ते २४ तास लागतात. म्हणून घड्याळ न पाहता वाटी पाहायची. वरचा थर तपकिरी झाला, चमच्याने बाजूला केल्यावर आत हिरवं दिसलं, की तळहातावर एक टिकली लावायची आणि पाच मिनिटांनी पुसायची. खाली स्पष्ट नारिंगी ठिपका उमटला तर मेहंदी तयार. फिकट पिवळा आला तर अजून तासभर थांबायचं.

मग गाळणी. नायलॉनच्या बारीक कापडातून दाबून काढली नाही तर पानांच्या शिरांचे तुकडे राहतात. काम करताना कोन अडला तर टोक कापू नये, रेघ कायमची जाड होते. नखांच्या चिमटीत टोक दाबून गुठळी पिनेने बाहेर ओढावी. मेहंदी चमच्यातून खाली सोडली की न तुटता तार पडली पाहिजे. तार तुटते म्हणजे पाणी कमी, पसरते म्हणजे जास्त. कोन ८ बाय ६ इंचांच्या सेलो शीटचा, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत २५ ग्रॅम. १०० ग्रॅम पावडरीत साधारण १५ कोन होतात. नवरीला चार ते पाच लागतात. साध्या अरेबिक वेलीचे सहा-सात हात एका कोनात होतात.

कोन लगेच फ्रीजरमध्ये टाकले की तीन महिने टिकतात. पण खेड्यावर उन्हाळ्यात लाईन पाच-सहा तास जाते. एकदा विरघळलेले कोन पुन्हा गोठवले की मेहंदी पातळ होते, रंगही उतरतो. म्हणून फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून कोनांच्या भोवती रचतो आणि लग्नसराईत आठवड्याचाच साठा करतो. कामावर जाताना थर्माकोलच्या डब्यात, गार बाटलीसोबत. गाडीच्या डिकीत ठेवलेला कोन उन्हात तासाभरात वाया जातो.

साखरेचं प्रमाण ऋतूवर बदलतं. कोरड्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसलेल्या नवरीची मेहंदी तडकून गळून पडते, तेव्हा १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमपर्यंत साखर. महालक्ष्म्या आणि हरतालिकेच्या दमट दिवसांत १५ ग्रॅम पुरे, नाहीतर हात चिकट राहतो आणि नक्षी पसरते.

कापूस वेचणीच्या दिवसांतल्या कामांना आम्ही अर्धा तास जास्त धरतो. पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली असतात, आणि बायका त्यावर तेल लावून येतात. आधी साबणाने दोनदा हात धुवून पूर्ण कोरडे करायला लावतो. चीर पडलेल्या जागी मेहंदी भरत नाही, नक्षी तिथून वळवून घेतो. मात्र कामाच्या हातांचा तळवा जाड असतो आणि त्यावर रंग असा चढतो की शहरातल्या मऊ हातांना तो येत नाही. हे त्या बायकांना आम्ही आवर्जून सांगतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हळदीच्या वेळेवरून. हळदीत तेल असतं. सकाळी हळद आणि दुपारी मेहंदी म्हटलं की रंग हमखास फिका. बुधवारी लग्न, मंगळवारी हळद असेल तर मेहंदी सोमवारी दुपारीच. ती सहा ते आठ तास ठेवून खरवडून काढायची, पहिले बारा तास पाणी लावायचं नाही. काढल्यावर रंग नारिंगी असतो, हवा लागत लागत तो दोन दिवसांत गडद तपकिरी-तांबडा होतो. हे आधी सांगितलं नाही तर रात्रीच घरून फोन येतो, “ताई, रंग आलाच नाही.” तळहातापेक्षा मनगटाच्या वर रंग फिका राहतो, हेही त्याच वेळी सांगून ठेवायचं. लवंगांचा धूर घ्यायचा तर घ्यावा. त्यात काम करते ती ऊब.

“पाच मिनिटांत काळी” करणारा कोन कोणी मागितला तर आम्ही नाही म्हणतो, काम गेलं तरी चालेल. मेहंदी काळी नसतेच. तो काळा रंग बहुधा पीपीडीचा, केसांच्या डायमधला. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा त्रास झालेल्या माणसाला पुढे साधा हेअर डायही चालत नाही. तान्ह्या बाळाला आम्ही मेहंदी लावत नाही. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी घरोघरी माहीत आहे; तशीच जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असेल तर शुद्ध मेहंदीनेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून बुकिंग घेतानाच विचारतो. विचारायला लाजायचं कशाला?

गिऱ्हाईक वाढलं ते बांगड्यांच्या दुकानांतून. लग्नाचा चुडा भरायला नवरी तिथे येतेच. दुकानदारीण बाईंच्या एका हातावर दर पंधरा दिवसांनी फुकट मेहंदी, एवढाच आमचा जाहिरातीचा खर्च. फोटो मात्र ओल्या मेहंदीचा टाकत नाही. तिसऱ्या दिवशीच्या हाताचा नवरीकडून मागवून तोच स्टेटसला ठेवतो.

दर सरळ: पाहुण्यांच्या एका हाताची एक बाजू १०० रुपये, नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पाय मिळून २५००. कोन आम्हाला साधारण १५ रुपयांत पडतो; खरा खर्च वेळेचा. नवरीला पाच तास, पाहुण्यांच्या साध्या हाताला बारा मिनिटं. चाळीस हात म्हणजे दोघींना चार तास. तेवढे हात आधी मोजून सांगा, असं लग्नघरी म्हणतो, कारण ऐनवेळी ते साठ होतात आणि शेवटची एसटी निघून जाते. उशीर होणार असेल तर परत सोडायची जबाबदारी लग्नघरची, हे आगाऊ रकमेसोबतच ठरतं. आगाऊ १००० घेतल्याशिवाय तारीख वहीत चढत नाही. अक्षय तृतीयेच्या आसपास एका दिवशी दोन नवऱ्या घेत नाही. दुसरीचा हात घाईत होतो, आणि तो सगळं गाव पाहतं.

आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात. त्या काळात नागपंचमी, राखी, हरतालिका, आणि रमजान ईद ज्या महिन्यात येईल तेव्हाची चांदरात. चांदरातीला पहाटेपर्यंत रांग असते, त्या एका रात्रीसाठी साठ कोन वेगळे भरून ठेवावे लागतात. पावसाळ्यानंतर सोजतचं नवं पीक बाजारात येतं. दिवाळीत नमुना भिजवून पाहायचा, तळहातावर टिकली लावायची, ठिपका गडद उतरला तर तुळशीच्या लग्नाआधी दहा किलो उचलायची. वहीत त्या वेळी पहिल्या चार-पाच तारखा चढलेल्या असतात.