अक्षर सुधारायच्या आधी पानाची डावी बाजू दिसायला हवी

स्ट्रोकनंतर लिहायची प्रॅक्टिस म्हटलं की घरातला कोणीतरी लगेच वही-पेन आणून देतो आणि अ आ इ ई गिरवायला बसवतो. दादाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (आजारपणानंतर रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या) मात्र पेन बाजूला ठेवायला लावलं, कारण त्याचा स्ट्रोक मेंदूच्या उजव्या भागातला, हा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, त्यात दादा डावखुरा, म्हणजे लिहिता हात तर कमजोर झालाच पण डावीकडच्या जगाकडे लक्षच जाईना. डोळे ठीक होते बरं का. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबून ठेवायचा आणि वर म्हणायचा, बरोबर आहे की!

म्हणून "अरे डावीकडे बघ ना" असं सारखं ओरडून काही होत नाही. काहीतरी राहिलंय हेच त्याला जाणवत नसतं, मग तो बघणार कुठे? त्यापेक्षा पानाच्या डाव्या कडेला लाल जाड पट्टी चिकटवायची आणि नियम एकच, लाल दिसेपर्यंत नजर न्यायची, मगच ओळ सुरू. वाचतानाही तेच. कोऱ्या पानावर कमी-जास्त लांबीच्या आडव्या रेघा मारून द्यायच्या आणि प्रत्येकीच्या मधोमध खूण करायला सांगायची. दादाची खूण आधी बरीच उजवीकडे पडायची, म्हणून खूण झाली की मोजपट्टीने दोन्ही बाजू मोजायला लावायचो, म्हणजे फरक त्याचा त्यालाच दिसतो, आपल्याला मास्तरकी करावी लागत नाही. पानभर अक्षरं विखरून त्यातले सगळे 'क' शोधून गोल करणं, काड्यांची नक्षी बघून तशीच शेजारी मांडणं, हेही चालतं. नक्षी सुरुवातीला तीन-चार काड्यांचीच ठेवा, नाहीतर माणूस वैतागतो.

हाताचं काम बरोबरीने चालूच होतं. पाय जमिनीला टेकलेले, कोपरापासून हात टेबलावर, कागद चिकटपट्टीने पक्का, कारण दुसऱ्या हाताने कागद धरायचं भान राहीलच असं नाही. पेनाला स्पंज गुंडाळून जाड केलं की कमी जोर लागतो. कपड्यांचे चिमटे दाबून दोरीवर लावणं, तळहातातलं नाणं त्याच हाताने बोटांच्या टोकापर्यंत आणणं, थेरपी पुट्टी (हाताच्या व्यायामाचा मऊ, कणकेसारखा गोळा) चिमटणं. भिंतीवरच्या बोर्डवर मार्करने मोठमोठे गोल, उभ्या-तिरप्या रेघा काढणं मला सगळ्यात आवडलं, उभ्या पृष्ठभागावर मनगट मागे वळलेलं राहतं आणि खांद्यालाही काम मिळतं. हात आवळायला लागला, खांदा दुखला की तिथेच थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा हे एकदम तासभर बसण्यापेक्षा बरं.

आता अक्षरं. इंटरनेटवरचे बरेचसे तक्ते एबीसीडीचे असतात आणि मला ते आपल्याला अपुरे वाटतात, कारण आपल्या लिपीत एका अक्षराच्या चारही बाजूंना काही ना काही असतं. मात्रा-अनुस्वार वर, उकार खाली, काना उजवीकडे आणि पहिली वेलांटी डावीकडे. दादा 'दिवस' लिहायला जायचा आणि कागदावर यायचं 'दवस', 'किती' मधली पहिली वेलांटी गायब, दुसरी मात्र अगदी झोकात. मग आम्ही मुद्दाम ऱ्हस्व वेलांटीने सुरू होणाऱ्या शब्दांची यादीच केली, दिशा, निळा, पिवळा, विमान. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर, आधी ट, ठ, ग, म असली सोपी, मग व, ब, क, आणि ळ, क्ष, ज्ञ अगदी शेवटी. हे जमलं की दुरेघी वही.

शिरोरेघेचा उपयोग तर मला आधी सुचलाच नव्हता. शब्द पूर्ण लिहायचा आणि मग वरची रेघ डावीकडून ओढायची, म्हणजे प्रत्येक शब्दाला हात आणि नजर दोन्ही परत डाव्या टोकाला जाणारच. रेघ पहिल्या अक्षराच्या आधीपासून सुरू झाली की नाही एवढंच बघायचं, ती वाकडी गेली तरी चालेल.

पार्किन्सन्सवाल्यांचं गणित मात्र वेगळं. त्यांचं अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं, तिथे ओळींमध्ये जास्त अंतर असलेला कागद आणि मनात "मोठं, मोठं" म्हणत लिहिणं कामाला येतं. तेव्हा दुसऱ्याचा व्यायाम आपल्याला सरसकट लावू नका, आधी थेरपिस्टला विचारा.

आणि प्रत्येक पानावर तारीख टाकून पानं जपून ठेवा, खराब आलेली सुद्धा. आमच्या थेरपिस्ट ती पुढच्या भेटीत ओळीने मांडून बघतात आणि लाल पट्टी अजून ठेवायची, बारीक करायची की काढायची ते त्यावरून ठरवतात. दादाची सध्या बारीक झालीय. मध्ये एकदा काढून पाहिली तर ओळी परत उजवीकडे सरकल्या, म्हणून पुन्हा लावली.