नायलॉक नट आणि रेनोची शर्यत

अण्णांनी तो नट नुसत्या बोटांनी फिरवत बोल्टवर पार खालपर्यंत नेला. पाना लागलाच नाही. नायलॉक नटाच्या आत बोल्टच्या आट्यांना धरून ठेवायला नायलॉनची कडी असते. याची कडी गुळगुळीत झाली होती, आट्यांना धरायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात त्या दिवशी पहिल्या पाळीत एक रॅपियर माग बंद पडला, तो याच नटामुळे. मागावरच्या डॉबी यंत्रणेकडून हील्ड फ्रेमला, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीला, हालचाल देणाऱ्या लिंकचा एम-८ (आठ मिलिमीटरचा) बोल्ट सरकत सरकत बाहेर आला, फ्रेम एका बाजूला तिरकी झाली आणि ताण्याचे धागे झुबक्याने तुटले. उरलेली पाळी सांधणीत गेली.

"साहेब, मी स्वतः टाइट केला होता," अण्णा म्हणाले. ते खरंच होतं. नट घट्ट बसवला होता, पण तो जुना होता. आर्टिकल, म्हणजे मागावरचा माल, बदलताना काढलेला नट पुन्हा तिथेच लावलेला. मागावर प्रत्येक पिकला, म्हणजे बाण्याचा धागा टाकला जातो तेव्हा दर वेळी, धक्का बसतो आणि दिवसरात्र बसत राहतो. अशा जागी नट टिकतो तो कडीच्या पकडीवर, आणि तीच संपली होती.

दुपारी जॉबर (मागांची देखभाल करणारे), फिटर आणि शिकाऊ पोरं वर्कशॉपमध्ये जमली, तेव्हा मी मॅन्युअल बाजूला ठेवून रेनोच्या विमानशर्यतीची हकिगत सांगितली. जुन्या लॉकनटाने काय होतं याचा इतका बारकाईने झालेला दुसरा तपास मला माहीत नाही.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात रेनो शहराजवळ स्टेड नावाची धावपट्टी आहे. १९६६ पासून २०२३ पर्यंत तिथे जवळजवळ दर सप्टेंबरात विमानांच्या शर्यती व्हायच्या. जमिनीत रोवलेल्या खांबांभोवती, अगदी खालून, एकमेकांच्या मागेपुढे विमानं वळसे घ्यायची. त्यातला सगळ्यात वेगवान वर्ग अनलिमिटेड. त्यात बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लढाऊ विमानं: पी-५१ मस्टँग, बेअरकॅट, सी फ्यूरी. एकेकाळी बंदुका वाहणारी ही यंत्रं लोकांनी हौसेने जिवंत ठेवली, आणि वेगासाठी त्यांत मनाजोगे बदलही केले.

१६ सप्टेंबर २०११, शुक्रवार. 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं पी-५१ तिसऱ्या फेरीत होतं. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून त्याचे पंख मुळापेक्षा बरेच आखूड केले होते, पोटाखालचा हवा घेणारा स्कूप काढून इंजिन थंड करायला पाणी उकळवून बाहेर सोडणारी व्यवस्था बसवली होती. वेग ताशी ८२० किलोमीटरच्या आसपास. विमान अचानक डावीकडे कलंडलं, मग नाक वर करून उसळलं आणि प्रेक्षकांसमोर कोसळलं. पायलट जिमी लीवर्ड आणि दहा प्रेक्षक गेले, साठहून जास्त माणसं जखमी झाली.

पायलट ७४ वर्षांचे होते. त्यामुळे त्या वेळी त्यांच्या वयाची बरीच चर्चा झाली. ती चर्चा चुकीच्या दिशेची होती असं माझं स्पष्ट मत आहे. विमान उसळलं तेव्हा शरीरावर १७ जीपेक्षा जास्त, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सतरा पटींहून जास्त भार आला. एवढ्या भाराखाली डोक्यातलं रक्त खाली उतरतं. तपासानुसार एका सेकंदाच्या आत त्यांचा विमानावरचा ताबा गेला होता. पंचविशीतल्या पायलटनेही तिथे काही केलं नसतं.

आता नटाकडे येतो. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे बिजागरीवर हलणारा भाग असतो, तो एलिव्हेटर. त्याच्या मागच्या कडेला आणखी एक छोटी पट्टी, ट्रिम टॅब. एवढ्या वेगात मस्टँगचं नाक वर जायला बघतं, ते दाबून धरायचा जोर पायलटच्या हातावर येऊ नये म्हणून ही पट्टी. या विमानात उजवी पट्टी जागीच पक्की केलेली होती, त्यामुळे सगळं काम डाव्या पट्टीवर. एनटीएसबी या अमेरिकी तपास मंडळाने २०१२ मध्ये निष्कर्ष दिला. डाव्या पट्टीच्या जोडणीतले लॉकनट पुन्हा वापरलेले होते, त्यांच्या आतल्या कड्या खराब झाल्या होत्या. म्हणून स्क्रू सैल झाले, एका स्क्रूत तर धातूच्या थकव्याची चीर सुरू झाली होती. जोडणीचा ताठरपणा गेला आणि पट्टीला फ्लटर लागलं. म्हणजे हवेच्या माऱ्याने पट्टी फडफडते, फडफडीने सांधा आणखी सैल होतो आणि सैल सांधा फडफड वाढवतो. हे चक्र क्षणात पट्टी तोडतं. विमानात केलेल्या बदलांची ना नीट नोंद होती ना चाचणी, हेही मंडळाने कारणांत धरलं.

इशारा आधी मिळालेला होता. १९९८ मध्ये याच रेनोत 'व्हूडू' या मस्टँगची ट्रिम टॅब उडाली. विमान तसंच वर उसळलं, पायलट बॉब हॅना बेशुद्ध झाले, शुद्धीवर आले तेव्हा विमान हजारो फूट वर होतं. ते सुखरूप उतरले.

एका शिकाऊ पोराने विचारलं, "मग सर, नायलॉक एकदाच वापरायचा?" आमच्याकडे आता हाच नियम आहे. प्रमाणित चाचणीत असा नट पाच वेळा चढवून काढतात आणि दर वेळी पकड उतरते. एम-८ च्या साध्या ग्रेडला पहिल्यांदा काढताना किमान ०.८५ न्यूटन-मीटर लागावं अशी अपेक्षा असते, पाचव्यांदा ०.६. आम्ही छोट्या टॉर्क रेंचने, नट टेकायच्या आधी, तो फिरवायला किती जोर लागतो ते पाहिलं. नव्या नटाला स्पष्ट आकडा आला. अण्णांच्या नटाला काटा हललाच नाही. हा फिरण्याचा जोर घट्ट करायच्या आकड्यात वर मिळवायचा असतो. तो नाही मिळवला तर रेंच क्लिक होतो, पण जोडणीवर हवा तेवढा ताण आलेला नसतो.

त्या दुपारी पोरांना आणखी काही चुका दाखवल्या. बोल्ट आखूड असला की कडीपर्यंत पोचतच नाही. नटाबाहेर निदान एक-दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. स्प्लिट पिनसाठी भोक पाडलेल्या बोल्टवर नायलॉक लावला की भोकाची धार कडी कापते. आणि जिथे बोल्ट स्वतः फिरतो, तिथे नायलॉकवर भरवसा नकोच, खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन हवी.

सगळ्यात धोक्याची गोष्ट संध्याकाळी प्रोसेस हाउसमध्ये सापडली. स्टेंटरच्या, म्हणजे कापड ताणून धरून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्राच्या, गरम चेंबरच्या आत नायलॉक लावलेले होते. नायलॉनच्या कडीची मर्यादा साधारण १२० अंश, आणि चेंबर दीडशेच्या आसपास चालतो. सोलापूरचा मे महिना नायलॉनला काही करत नाही, स्टेंटर करतो. तिथले नट काढले तेव्हा कड्या पिवळ्या पडून ठिसूळ झाल्या होत्या, एक तर नखाने निघाली. तिथे पूर्ण धातूचे लॉकनट बसवले.

जुना नट पुन्हा लागतो तो आळसाने नाही. नवा नट स्टोअरमध्ये असतो, स्लिपवर सही लागते, माग उभा असतो आणि सुपरवायझर घड्याळ बघत असतो. म्हणून एम-६, एम-८, एम-१० चे नवे नट आता जॉबरच्या ट्रॉलीवरच असतात. काढलेला नट लाल डब्यात जातो आणि त्याच पाळीत कापला जातो, म्हणजे तो परत कुणाच्या हाती लागत नाही. बसवल्यावर नट आणि बोल्टवर मिळून पांढरी रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की माग थांबवायचा अधिकार विणकरालाही आहे.

खरेदीचं मात्र अजून अडलंय. किलोवर येणाऱ्या नटांवर ना ग्रेडचा शिक्का असतो ना बनवणाऱ्याची खूण. त्यातले काही कोरे असतानाच बोटांनी फिरतात. दर लॉटमधले दहा नट रेंचवर तपासूनच बिल पास करा, असं मी खरेदी विभागाला लिहून दिलंय.