दिवाडीचा नकाशा: बांध झाले, नावं चालू

गोव्यातल्या दिवाडी बेटाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, भरायचं काम बरंच पुढे सरकलं. मळार बाजूच्या खाजनांचे (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनींचे) बांध मायक्रोसॉफ्टच्या बिंग नकाशातल्या हवाई चित्रांवरून गिरवून झाले. ओपनस्ट्रीटमॅपसाठी ही चित्रं गिरवायला मायक्रोसॉफ्टने 2010 मध्येच परवानगी दिलीय, त्यामुळे तिथे शंका नाही. मानशी, म्हणजे बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी दारं, मात्र झाडीखाली लपतात. त्या बांधावरून चालत जाऊन जीपीएसवर टिपल्या.

अडलं ते नावांपाशी. एका उत्साही सदस्याने वाड्यांच्या नावांची तयार यादी पाठवली. चौकशी केली तर सगळी गूगल मॅप्सवरून उतरवलेली. ती घेतली नाही.

वाडीचं नाव ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाची मालकी कशी, असं तो म्हणाला. मुद्दा बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात नुसत्या मेहनतीवर स्वामित्वहक्क मिळत नाही, असंच सांगितलं. पण एकेक नाव माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नकाशावरून रांगेने उचलणं वेगळं. गूगलच्या अटींत ते बसत नाही, आणि युरोपात तर डेटाबेस जमवण्याच्या खटाटोपालाच 15 वर्षांचं संरक्षण आहे. आपला डेटा जगभर वापरला जातो. उद्या हरकत आली, तर ती नोंद आणि तिच्यावर इतरांनी केलेलं कामही खोडावं लागेल. 2012 मध्ये ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाला ओडीबीएल हा नवा परवाना आला, तेव्हा संमती न दिलेल्यांचं काम असंच काढावं लागलं होतं. दिवाडीवर ती पाळी येऊ नये, एवढंच मला हवंय.

टोपोशीटबद्दलही, म्हणजे सरकारी भूनकाशांबद्दलही, विचारणा झाली. सरकारी प्रकाशनावरचा हक्क 60 वर्षं टिकतो, म्हणून आधी शीटवरचं प्रकाशनाचं वर्ष बघा. जमिनीचा सर्वे प्लॅन ऑनलाइन दिसतो म्हणून तो उतरवायला मोकळा होत नाही.

तेव्हा नावं माणसांना विचारूनच. फेरीधक्क्यावर, देवळाच्या पारावर, बांधावर गडग्याची डागडुजी करणाऱ्यांकडे. हेच काम मला सगळ्यात आवडतं. एका मानशीला दोन बाजूंच्या शेतकऱ्यांची दोन नावं निघाली; दोन्ही नोंदवली, सोर्समध्ये, म्हणजे माहिती कुठून मिळाली त्या रकान्यात, ‘सर्वे’ (जागेवर जाऊन टिपलेलं) लिहिलं. दुकानाच्या पाटीवरचं नाव आपण स्वतः बघून टिपलं, तर तेही चालतं.

नार्वेच्या बाजूची नावं अजून बाकी आहेत. तिकडे कुणाचं घर किंवा ओळखीचं माणूस असेल तर कळवा, एकत्र फिरू.