शवासनात डोळे उघडे ठेवले तरी चालतं

अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं उपाशी राहण्याचा आजार) किंवा बुलिमिया (भरमसाट खाऊन ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याचा आजार) असलेल्या प्रत्येकीच्या मागे लहानपणचा अत्याचार असतोच असं नाही. पण दोन्ही एकत्र असतात तेव्हा नुसतं बोलून भागत नाही. पुण्यात समुपदेशक म्हणून काम करताना हे मला सतत जाणवतं. अशा मुलीला "योगा कर, मन शांत होईल" असं सांगणारेही भेटत राहतात. सल्ला चांगलाच आहे, पण शरीराला थेरपीत आणायचं ते केव्हा आणि कुणाच्या मर्जीनं, हे आधी ठरायला हवं.

एका मुलीबद्दल तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, सगळं नुसत्या पाण्यावर. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार. घरचे कौतुकानं म्हणायचे, "केवढा निग्रह आहे पोरीचा!" आपल्याकडे उपासाच्या आड हा आजार वर्षानुवर्षं लपू शकतो. शाळेत असताना ओळखीच्या माणसानं केलेला अत्याचार तिनं मला सांगितला तो शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसा. आवाजात काही नाही, हात मात्र बर्फासारखे गार.

पहिल्यांदा तिला फिजिशियनकडे पाठवलं. नाडी फार मंद होती. ईसीजी, पोटॅशियम, सगळं तपासून झालं, डाएटिशियननं जेवणाचं वेळापत्रक दिलं. तोवर आसनं, सूर्यनमस्कार बंद. उपाशी मेंदूशी कुठलीही थेरपी फार बोलू शकत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय दुसरं काही उरेना. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. त्यांना आधी कुठलाही मानसिक आजार नव्हता.

मग शरीराकडे वळलो, तेही पायांपासून. "श्वासाकडे लक्ष दे" म्हटलं की तिची छाती आवळायची. अत्याचार सोसलेल्या अनेकांचं असं होतं, कारण भीती तिथेच मुक्कामाला असते. म्हणून चपला काढून तळवे फरशीवर ठेवायचे, डोळे उघडे. खोलीचं दार किती उघडं ठेवायचं ते ती ठरवणार. "फरशी गार लागतेय का? कुठे?" बराच काळ उत्तर एकच, "माहीत नाही." मग एकदा म्हणाली, "टाचेला लागतेय, बोटांना नाही." एवढं झाल्यावर लगेच खिडकीबाहेरच्या रिक्षांबद्दल बोलायचं. शरीरात क्षणभर जायचं आणि सुखरूप परत यायचं, पुन्हा पुन्हा. मला विचाराल तर ट्रॉमाच्या, म्हणजे मनावरच्या खोल आघाताच्या, कामात यापेक्षा मोठं तंत्र नाही.

ट्रॉमावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. इतर उपचारांनी पुरेसा फरक न पडलेल्या ६४ स्त्रिया, दहा आठवडे. योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी शेवटी पीटीएसडीच्या (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या) निकषात बसत नव्हत्या. आरोग्याविषयीच्या वर्गाला गेलेल्या २९ पैकी ६. दुसऱ्या गटालाही सुरुवातीला बरं वाटलं होतं, पण ते टिकलं नाही. अभ्यास छोटा आहे, हे खरंच. पण तिथला योग म्हणजे ताण देऊन घाम काढणं नव्हतं. प्रत्येक हालचाल करायची की नाही, हे त्या बाईच्या हातात होतं.

खाण्याचं काम याहून अवघड. सेशनमध्ये आम्ही दोघी वरण-भात खायचो. चार घासांत ती म्हणायची, "पोट फुटेल आता." हे नाटक नव्हे. दीर्घ उपासमारीनंतर जठर खरोखरच हळू रिकामं होतं. हे तिला समजावून सांगितलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी दिली, आणि पोट भरलंय की भीती वाटतेय, हे वेगळं करायला बसलो. या टप्प्यावर "भूक लागेल तेव्हा खा" हा सल्ला घातक ठरतो. भुकेची जाणीवच बिघडलेली असते, म्हणून घड्याळ बघून खायचं.

लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. एवढा वारसा घराजवळ असताना आपली मानसोपचाराची शिकवण अजून मानेच्या वरच थांबते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. योगशिक्षकांनाही माझी विनंती आहे: विचारल्याशिवाय हात लावून आसन सुधारू नका, वर्गात कुणाच्या बारीक होण्याचं कौतुक करू नका. शवासन नको असेल तिला भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी बसू द्या.

आणि घरच्यांनो, मुलीची पाळी थांबली असेल, ती जेवणानंतर उलट्या करत असेल, तिला चक्कर येत असेल, तर योगवर्ग शोधण्याआधी डॉक्टर गाठा. कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.