थव्याकडे नको, ससाण्याकडे बघा

गुहेतून वटवाघळांचा लोंढा सुटला की सगळ्यांचे कॅमेरे लोंढ्याकडे. माझी दुर्बीण मात्र वर, बहिरी ससाण्यावर. पंख मिटून तो सूर मारतो. कधी साधतं, कधी रिकाम्या पायांनी पुन्हा वर.

एवढ्या गर्दीत शिकार सोपी असेल असं वाटतं ना? पण हजारो पंख हलत असताना नेमकं धरायचं कुणाला? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी न्यू मेक्सिकोत स्वेन्सन्स हॉकचं चित्रीकरण करून २०२२ मध्ये उत्तर मांडलं. हे पक्षी एकाच वटवाघळामागे लागत नाहीत. थव्यातल्या एका ठरावीक बिंदूवर रोख धरून सरळ घुसतात. मग जे वटवाघूळ नजरेत जागचं हलत नाही, तेच धडकेच्या वाटेवर असतं. काय डोकं आहे! (डोकं कसलं, भूमितीच.)

माझा लाडका मात्र आफ्रिका आणि आग्नेय आशियातला बॅट हॉक. मोठे पिवळे डोळे, रुंद जबडा. पायात पकडलेलं वटवाघूळ चोचीत घेतो आणि उडता उडताच अख्खं गिळून मोकळा! घाई असणारच, संधिप्रकाशाच्या जेमतेम अर्ध्या तासात पोट भरायचं असतं. पहाटे वटवाघळं परततानाही थोडं मिळतं, पण खरं जेवण संध्याकाळचंच.