दोडामार्गची गोचीड

एप्रिलमध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला मावशीकडे गेलो, तेव्हा बॅगेत डासांसाठी सगळं होतं. डीटवालं क्रीम, कॉइल, शिवाय खाजेवर लावायला कॅलामाइन. दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा हाफ पँट घालून काजूच्या बागेत गेलो. बोंडं पिळून बिया वेगळ्या करायच्या, टोपली भरली की सावलीत टेकायचं. मीही टेकलो, सरळ पाचोळ्यात. मावशीने पाहिलं आणि ओरडली, "उठ रे! गोचिडी असतत थंय!"

संध्याकाळी दारातच अडवलं. "आदी न्हावन ये, मगे चाय." कपडे थेट उकळत्या पाण्यात. कोकणातला हा धाक माकडतापाचा, आणि तो जुना नाही. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात मेलेल्या माकडांमुळे लक्षात आला. सिंधुदुर्गात तो दोडामार्ग भागात २०१६ मध्ये पोचला. पसरवते गोचीड, आणि माणसाला बहुतेक वेळा चावते ती तिची पिल्लावस्था, तिळाएवढी. तिचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, त्यातच काजूचाही.

न्हाणीघरात गुडघ्यामागे एक खपली लागली. नखाने काढायला गेलो तर खपलीला पाय होते. दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं. डास निदान कानाशी गुणगुणून सूचना देतो.

माझ्या डोक्यात आलं रॉकेल. काडी पेटवून चटका द्यायचा विचारही आला (लहानपणी कुत्र्याच्या कानातल्या गोचिडींवर हाच प्रयोग पाहिला होता). मावशीने दोन्ही बंद पाडले. चटका दिला, तेल ओतलं की गोचीड पोटातलं द्रव चावलेल्या जागी ओकू शकते, हे मला नंतर एका डॉक्टरने सांगितलं. मावशीने भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा आणला, कातडीला अगदी लागून गोचीड तोंडाजवळ पकडली आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढली. मग साबणाने जागा धुतली, वर डेटॉल. गोचीड चिकटपट्टीत गुंडाळली. मग काखा, कंबर, कानामागे, केसांत तपासणी. आरशासमोर उभं राहून पाहिलं तरी पाठ दिसत नाही. तिथे दुसरं माणूस लागतंच.

दुसऱ्या दिवशी लांब पँट, मोज्यात खोचलेली, पायांना आशाताईने (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने) दिलेलं गोचीड पळवायचं तेल. कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्रात कळवा, असंही आशाताईने बजावलं. चिखलातून उठलेल्या म्हशीसारखा मी चमकत होतो, पण पाचोळ्यात बसलो नाही.

डॉक्टर म्हणाले, लक्षणं चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतात. अचानक कडक ताप, डोकं, अंगदुखी. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. नेमकं औषध नाही, उपचार लक्षणांवरच, म्हणून वेळेवर इस्पितळ महत्त्वाचं. ताप आला तर काजूच्या बागेचं आधी सांगायचं, आणि दुखणं थांबवायला अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही.

पुण्याला आल्यावर मावशीचा रोज सातला फोन. "ताप आसा काय?" "नाही." फोन बंद. पंधराव्या दिवशी साडेसात वाजले तरी वाजला नाही. मीच केला. मावशी बागेतून आत्ताच आली होती, अजून न्हायची होती.