तुम्ही विचारलंत म्हणून : वॉरंटी ठेवून फोन रूट होतो का?

सांगलीत स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत जे चार-पाच प्रश्न रोज ठरलेले असतात, त्यातला हा एक. विचारणारा बहुतेक वेळा कॉलेजचा पोरगा असतो, सेट कोरा असतो आणि आवाज जरा खाली आलेला असतो. "दादा, वॉरंटी न जाता रूट होतंय का?" जसं काही मी काउंटरखाली काहीतरी दाबून ठेवलंय. रूट म्हणजे कंपनीनं बंद ठेवलेला फोनचा आतला भाग आपल्या ताब्यात घेणं. दुसरा प्रश्न त्याच घरातला, पण तो त्या पोरांचे वडील विचारतात. "अपडेट आलंय म्हणतंय. केलं तर वॉरंटी जाईल का हो?"

वडिलांचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. कंपनीनं पाठवलेलं अपडेट सेटिंगमध्ये जाऊन आलं तसं घातलं, तर वॉरंटीला काही होत नाही. सेट सर्व्हिस सेंटरला दिला तर तिथं पहिल्यांदा तेच करतात. नवं सॉफ्टवेअर मारतात आणि तक्रार राहते का बघतात. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, जागा मोकळी करा, फोटोंची एक कॉपी दुसरीकडे ठेवा आणि मध्येच बंद करू नका. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनांत सिस्टीमचे दोन कप्पे असतात. एकावर फोन चालू राहतो, नवं दुसऱ्यात भरलं जातं आणि ते बिनसलं तर फोन जुन्यावर परत येतो. त्यामुळे पूर्वीइतका जीव मुठीत धरून बसायची गरज नाही.

"पण अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ येते म्हणतात." येते, काही सेटांना आलेली आहे, मीही पाहिली आहे. काही कंपन्यांनी आपल्याकडे वॉरंटी संपल्यावरसुद्धा अशा स्क्रीन फुकट बदलून दिल्या. म्हणून तसं झालंच, तर आधी कंपनीकडे जा, माझ्यासारख्याच्या दुकानात नको. आम्ही एकदा पाठ उघडली आणि स्क्रूवरचा तो बारकासा स्टिकर फाटला, की मग तिथं तुमचं कोणी ऐकून घेत नाही. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतो, पण असू दे.

आता पोराचा प्रश्न. त्याला तितकं सरळ उत्तर नाही, आणि मी स्वतः त्या पोराच्या जागी उभा राहिलेलो असल्यामुळे नुसतं "नको रे" म्हणून मला त्याला घालवता येत नाही.

२०११ सालची गोष्ट. माझ्याकडे पहिला अँड्रॉइड होता. पैसे साठवून घेतलेला, वर्षाची वॉरंटी, बिल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. आमचे आबा त्या वर्षी वारीला गेले होते. त्यांच्याकडे बटणांचा साधा सेट, पण त्यात मराठी होतं. ते वाटेवरून मेसेज पाठवायचे आणि माझ्या भारीतल्या फोनवर ते यायचे नुसते चौकोन. एकापुढे एक, रिकामे, विटा रचल्यासारखे. मेसेज आलाय एवढं कळायचं, काय आलंय ते कळायचं नाही.

तेव्हाच्या अँड्रॉइडांचा हा नेहमीचा आजार होता. इंटरनेटवर मराठी वाचायला लोकांनी तोड काढली होती. ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कॉन्फिग' टाइप करायचं, खाली एका ओळीत 'नो'चं 'यस' करायचं, की पानावरची अक्षरं चित्रं होऊन यायची. पण ते ब्राउझरपुरतं. मेसेज वाचायचा तर देवनागरी फोनच्या पोटात घालायला हवी होती, आणि फोन पोटाला हात लावू देत नव्हता.

रूट करणं म्हणजे तेवढंच. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये सगळे अधिकार असलेल्या खात्याला रूट म्हणतात. तुम्ही फोन विकत घेता तेव्हा ते खातं तुम्हाला मिळत नाही. घर तुमच्या नावावर, माळ्याची किल्ली मात्र बिल्डरकडे. मी एका रात्री ती किल्ली मिळवली. फॉन्टच्या फोल्डरात 'ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक' नावाची फाइल असायची, चिनी-जपानी अक्षरांसाठीची. तिच्या जागी त्याच नावाची, पण देवनागरी घातलेली फाइल ठेवली. फोन बंद करून चालू केला. लोगो आला आणि तिथंच थांबला. तो मिनिट-दीड मिनिट मला अजून आठवतो. वॉरंटी, बिल, आबा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग फोन उघडला.

चौकोनांच्या जागी अक्षरं उभी होती. "वाखरीला पोचलो." स्वच्छ, एकही चूक नाही. त्यापुढे मात्र घोटाळा. अक्षरं आली होती, ती एकमेकांत बसवायची अक्कल त्या अँड्रॉइडला नव्हती. वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर आली आणि पुढच्या 'ठ'च्या डोक्यावर जाऊन बसली. पहिल्या 'ठ'चा पाय मोडलेला, दुसरा त्याच्या शेजारी सुटा. आख्ख्या मेसेजात फक्त विठ्ठल मोडला होता. पण वाचता येत होता. बाहेर जाऊन आईला वाचून दाखवला.

सहा महिन्यांनी त्याच सेटचा कानाचा स्पीकर गेला. हा हार्डवेअरचा दोष, रूटचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण वॉरंटीच्या कागदावर 'सॉफ्टवेअरमध्ये फेरफार' असे शब्द होते आणि ते मी चारदा वाचले होते. मेसेजांची कॉपी काढून ठेवली आणि चोरासारखा सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं बिल बघितलं, आयएमईआय, म्हणजे सेटचा ओळख-आकडा, जुळवला, बॅटरी काढून आतला पाण्याचा स्टिकर पांढरा आहे का गुलाबी झालाय ते पाहिलं, जॉबशीट फाडली आणि म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी स्पीकर नवा, सॉफ्टवेअरही नवं, रूट गेलेलं आणि चौकोन परत जागेवर. मी घरी येऊन पुन्हा रूट केलं.

वॉरंटी राहिली ती कुणी बघितलंच नाही म्हणून. पुढे २०१२ पासून तीन वर्षं मी तसल्याच एका काउंटरच्या पलीकडे बसलो, तेव्हा कळलं की त्या काळात सगळा खेळ याच्यावरच होता : बघणारा बघतोय का? सॅमसंगच्या काही सेटांवर बाहेरचं सॉफ्टवेअर मारलं की चालू होताना पिवळा त्रिकोण यायचा आणि किती वेळा मारलं त्याचा आकडा फोन आत मोजून ठेवायचा. त्यावरही पोरांनी इलाज शोधला होता. जुन्या चार्जरची मायक्रो पिन सोलायची, चौथ्या आणि पाचव्या तारेत शंभर किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक डाखायचे. झाली जिग. ती नुसती फोनला लावली की काही सेटांचा आकडा शून्यावर यायचा. दहा रुपयांचा माल! मी स्वतः केलेली एक अजून ड्रॉवरमध्ये आहे.

ही मजा २०१३ मध्ये संपली. सॅमसंगनं नॉक्स नावाची सुरक्षा आणली, नोट ३ या फोनच्या सुमाराला. यात आकडा मेमरीत लिहीत नाहीत, चिपमधला एक इवलासा फ्यूज उडतो. आपल्या मीटरचा फ्यूज उडाला तर तार बदलून काम भागतं. इथं तार नाही. बाहेरची फाइल एकदा मारली की झीरो-एक्स-झीरोचं झीरो-एक्स-वन होतं आणि ते जन्मभर तसंच. नंतर कंपनीचं सॉफ्टवेअर परत घाला, शंभर वेळा रिसेट करा, फोन डाउनलोड मोडला, म्हणजे सॉफ्टवेअर भरायच्या स्क्रीनवर, नेला की ती ओळ समोर येते, आणि त्या ओळीचं नावच 'वॉरंटी व्हॉइड'. सिक्युअर फोल्डर या कुलूपबंद कप्प्यासारख्या सोयीही त्या सेटात कायमच्या बंद होतात. तेव्हा सॅमसंगवाल्यांनो, तुमच्यापुरतं उत्तर : नाही होत.

मधे थोडे दिवस होत होतं. २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झनं 'टॉवेलरूट' काढलं. हा तोच, ज्यानं २००७ मध्ये सतराव्या वर्षी आयफोनचं कुलूप काढलं होतं. लिनक्सच्या गाभ्यातली एक चूक पकडून हे ॲप आत शिरायचं आणि फ्यूजला न डिवचता रूट करून द्यायचं. एक बटण दाबायचं, बास. तेव्हा आमच्या सेंटरबाहेर चहाच्या गाड्यावर त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. पण भोकातून आत शिरायचं तर भोक उघडं राहायला हवं. कंपन्यांनी अपडेट पाठवून ते बुजवलं, म्हणजे रूट हवं असलेल्यानं अपडेट घ्यायचं नाही. आणि ज्या भोकातून टॉवेलरूट शिरतं, त्यातून दुसरंही कुणी शिरतं. अशी एका बटणाची ॲपं आजही पोरं घेऊन येतात. ती कुणी लिहिली आणि रूट मिळाल्यावर ती स्वतः काय करतात, हे त्यांनी विचारलेलं नसतं.

बाकी कंपन्यांची तऱ्हा वेगवेगळी. मोटोरोला आपल्या वेबसाइटवरून बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठली सिस्टीम आत घ्यायची ते ठरवणारं दार, उघडायचा कोड देते, पण आधी वॉरंटीवर पाणी सोडल्याचं कबूल करून घेते. शाओमीनं बरीच वर्षं खात्याला फोन जोडून एक आठवडा, पुरते १६८ तास, थांबायला लावलं. तेवढ्यात निम्म्यांची हौस फिटते, कल्पना वाईट नव्हती. वनप्लसनं मात्र सांगितलेलं आहे की बूटलोडर उघडला किंवा रूट केलं एवढ्यानं वॉरंटी जात नाही, त्यातून जे नुकसान होईल ते तुमचं. मला हे सगळ्यांत सरळ वाटतं. स्पीकर फाटणं आणि रूट करणं या दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या त्या जुन्या सेटला तोच न्याय लावायला हवा होता. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रूटसाठी वेगळं कलम नाही. रूटचा काही संबंध नसलेल्या दोषासाठी सेट परत पाठवला, तर नकाराचं कारण जॉबशीटवर लिहून मागा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तोंडी नकार देणारे पुष्कळ असतात, लिहून द्यायची वेळ आली की त्यातले बरेच जण आत साहेबांना विचारायला जातात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. बूटलोडर उघडला की फोन कोरा होतो. फोटो, मेसेज, सगळं जातं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे, नाहीतर चोरलेला फोन उघडून कुणीही वाचला असता. माझ्याकडे लोक वॉरंटीसाठी नाही, बाळाच्या बारशाच्या फोटोंसाठी रडलेले आहेत.

दुसरं आयएमईआयचं. सेंटरमध्ये असताना एक पोरगा आला, "आपोआप नेटवर्क गेलं, मी कायबी केलं नाही." स्टार हॅश झीरो सिक्स हॅश दाबलं तर पंधरा आकड्यांच्या जागी मोकळं मैदान. त्यानं दुसऱ्या देशाच्या मॉडेलची फाइल मारली होती. डिसेंबर २००९ पासून आपल्याकडे बिनआयएमईआयचा फोन नेटवर्कवर चालू देत नाहीत, म्हणजे हातात राहिला कॅमेरा. वॉरंटी गेलीच, बोर्डाचा खर्च ऐकून तो खाली बसला. तो आकडा पुन्हा "लिहून देणारे" गावात असतात. तो गुन्हा आहे, माझ्याकडे विचारू नका.

आणि खरं सांगू का, वॉरंटीची काळजी आता मागे पडलीय. रूट केलेल्या फोनवर बँकेची ॲपं उघडत नाहीत, यूपीआय अडतं. गूगलची तपासणी ॲपला कळवते की या फोनचं कुलूप मोडलेलं आहे. मॅजिस्क नावाचं रूटचं ॲप लावून ते लपवायचं, महिन्याभरात तपासणी शहाणी होते, पुन्हा नवी पट्टी लावायची. मंडईतल्या एका भाजीवाल्याच्या पोरानं बापाचा फोन रूट केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यावर पैसेच येत आहेत की नाही कळेना. मी दुकान सोडून तिथं गेलो होतो.

म्हणून मी आता पोरांना उलटा प्रश्न विचारतो, कशाला हवंय? बहुतेकांना नको असलेली ॲपं काढायची असतात. त्यातली बरीचशी रूट न करता, कॉम्प्युटरला केबल लावून बंद करता येतात, ते मी चहा येईपर्यंत करून देतो. माझं स्वतःचं कारण तर अपडेटनंच संपवलं. अँड्रॉइड ४ च्या पुढे देवनागरी फोनमध्येच यायला लागली, वेलांट्या आपापल्या जागी बसल्या. ज्याला खरंच शिकायचंय, त्याला म्हणतो वर्ष जाऊ दे, नाहीतर जुना सेट घे आणि त्याचा चुथडा कर.

गेल्या आठवड्यात असाच एक हटून बसला. शेवटी ड्रॉवरमधला तो २०११ चा सेट काढला, नवी बॅटरी घातली आणि त्याच्या हातात दिला. रूट केलेलाच आहे, बघ म्हटलं आत काय काय असतं. तो स्टुलावर बसून खुडबुड करत होता. मी एका चार्जिंग सॉकेटला टाके मारत होतो. जरा वेळानं त्यानं स्क्रीन माझ्यापुढे धरली.

"दादा, हे शेवटचं काय लिहिलंय? फॉन्ट गंडलाय का?"

"आमच्या आबांचा मेसेज आहे," मी म्हणालो. "वाखरी आली का नीट? मग पुढचं काय असणार?"